कुरैशांची भाऊबंदकी: शेवटी जिंकलं कोण?

उंटावरचा शहाणा:
दोन दिवस डोक्यात एकच किडा वळवळतोय म्हणून धागा काढतोय. मक्केच्या कुरैश कबिल्यातल्या बनू उमय्या घराण्याचा अबू सुफयान, पैगंबरांविरुद्धच्या उहुदच्या लढाईत मक्केच्या फौजेचा म्होरक्या, तो इस्लाम कधी स्वीकारतो तर 630 मध्ये मक्का हातची जायच्या आदल्या दिवशी. आणि 661 ला त्याचाच मुलगा मुआविया दमास्कसला खलिफा! फक्त 31 वर्षं राव. म्हणजे धर्म बदलला पण जे काफिल्यांचे मालक होते तेच साम्राज्याचे मालक झाले, कुळ काय हललं नाही. पटत नसेल तर बोला.

घाटपायथा:
नाही पटत. मधली वर्षं गिळलीत की सोयीस्कर! पहिले खलिफा अबू बक्र बनू तैमचे, दुसरे उमर बनू अदीचे. मखजूम नि अब्द शम्ससारख्या (उमय्या त्यातलेच) बड्या घराण्यांपुढे ही दोन्ही म्हणजे लिंबूटिंबू. जुन्या मक्केत त्यांच्यातला कोणी सगळ्यांचा प्रमुख होईल असं कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते. आणि बिलाल, जो कालपर्यंत गुलाम होता, तो काबाच्या छतावरून अजान देतो नि खाली कुरैशांचे सरदार ऐकतात. हे कुळाचं राज्य?

उंटावरचा शहाणा:
अहो पण 632 ला पैगंबर गेल्यावर पुढचा नेता कोण यावर सकीफात, म्हणजे मदिनेतल्या बैठकीच्या जागी, वाद झाला तेव्हा अन्सार, म्हणजे मदिनेचे मुसलमान, म्हणत होते आमच्यातला एक नेता नि तुमच्यातला एक, आणि तो मुद्दा पडला कशावर, तर अरब लोक कुरैश सोडून दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाहीत यावर. हे कुळच झालं ना? शिवाय मुआवियाला शाममध्ये (सीरियात) बसवलं कुणी, तुमच्या त्या लिंबूटिंबू घराण्यातल्या उमरनीच, त्याचा भाऊ यझीद प्लेगने गेल्यावर. इराकात कूफा नि बसरा ही नवी शहरं वसवली तीसुद्धा कबिल्यावार मोहल्ले पाडून.

कडक चहा:
तुम्ही दोघं कुळ म्हणजे खुर्चीची भांडणं एवढंच धरून चाललाय. तिथं सरकार नव्हतं, पोलिस नव्हते, कोर्ट नव्हतं. माणूस मारला तर बदला घेणारं किंवा रक्ताची भरपाई वसूल करणारं कोण, तर त्याचं कुळ, बास. म्हणून तर कुरैशांनी बनू हाशिमवर, म्हणजे पैगंबरांच्या कुळावर, बहिष्कार टाकला, जवळजवळ तीन वर्षं, सोयरीक बंद, खरेदीविक्री बंद, तरी इस्लाम न स्वीकारलेल्या अबू तालिबांनी पुतण्याला, म्हणजे पैगंबरांना, सोडलं नाही, बनू मुत्तलिबही सोबत राहिले. उलट दुसरा काका अबू लहब विरोधकांकडे! अबू तालिब गेल्यावर संरक्षण संपलं, पैगंबर ताइफला गेले तर तिथं दगड खाल्ले, मग मक्केत परत यायला आसरा दिला तो मुतइम बिन अदीने, बनू नौफलचा, तोही मुसलमान नव्हता. मुलांना हत्यारं देऊन काबापाशी उभं केलं त्याने. आता सांगा, कुळ हे नुसतं इस्लामच्या आड येणारं होतं का?

घाटपायथा:
हा मुद्दा भारी आहे, मान्य. पण पैगंबर मदिनेला गेल्यावर तिथं झालेल्या करारात तेच बदललं ना, सगळे श्रद्धावंत मिळून एक उम्मा, एकच समाज.

कडक चहा:
आणि त्याच करारात रक्ताची भरपाई मात्र ज्याच्या त्याच्या कुळाने भरायची! नवं घर जुन्या जोत्यावर.

जुनी वही:
उशिरा येतोय. हाशिम नि उमय्यांचं वैर पिढीजात होतं असं सगळीकडे वाचायला मिळतं, अगदी हाशिम नि अब्द शम्स चिकटलेली जुळी जन्मली नि तलवारीने वेगळी केली अशी आख्यायिका. जरा सांभाळून घ्या. आपल्याकडे आलेला बराचसा इतिहास 750 नंतर, अब्बासींच्या काळात लिहिला गेला नि अब्बासी स्वतः हाशिमचे, उमय्यांना गाडून गादीवर आलेले. प्रत्यक्षात अबू सुफयानची मुलगी उम्म हबीबा पैगंबरांची पत्नी, आणि उस्मान उमय्यांचेच, सुरुवातीच्या मुसलमानांपैकी, पैगंबरांचे जावई. असं कुठे सरळ दोन छावण्यांचं वैर असतं?

उंटावरचा शहाणा:
वैराचं सोडतो मग. पण मक्का घेतल्यावर झालेल्या हुनैनच्या लढाईनंतर लुटीतले 100 उंट अबू सुफयानला का दिले, याचं उत्तर कुणी देत नाहीये. अन्सार तेव्हाच नाराज झाले होते.

घाटपायथा:
कारण कालचा शत्रू परत उलटू नये! त्याला हात ओला करणं म्हणतात, कुळ जिंकलं म्हणत नाहीत.

उंटावरचा शहाणा:
हात ओला त्याचाच करतात ज्याच्यामागे माणसं असतात. मी हलत नाही.