खानापूरकडील छोट्या लॅबसाठी सेल काउंटर कोणता घ्यावा?

खानापूर_लॅब
नमस्कार. खानापूर तालुक्यात माझी लहानशी लॅब आहे. दिवसाला जेमतेम पंधरा-वीस सॅम्पल येतात आणि त्यांत गरोदर स्त्रिया व अशक्तपणाचे रुग्ण अधिक असतात. हिमोग्लोबिन इथे करून सीबीसी (रक्तातील सर्व पेशींची मोजणी) बेळगावला पाठवावी लागते. तांबड्या पेशींची मोजणी इथेच व्हावी म्हणून थ्री-पार्ट, म्हणजे पांढऱ्या पेशींचे तीन गट दाखवणारा, सेल काउंटर घ्यायचा आहे. बजेट दोन लाख असून त्यापुढे जाणे शक्य नाही. पावसाळ्यात वीज सारखी जाते, हे लक्षात घेऊन कृपया सुचवावे.

बेळगाव_पॅथ
ताई, घ्यायचाच तर पाच गट दाखवणारा फाइव्ह-पार्ट घ्या. आम्ही घेतल्यापासून डॉक्टर स्वतःहून रुग्ण पाठवतात. थोडे कर्ज काढावे लागेल, पण पुढे पश्चात्ताप होणार नाही.

निपाणीकर
त्यांनी बजेट दोन लाख सांगितले आहे, सर. शिवाय फाइव्ह-पार्टचा फायदा पांढऱ्या पेशींच्या वर्गीकरणात मिळतो. तांबड्या पेशी बहुतेक यंत्रे वॉलेस कुल्टर यांनी 1953 साली पेटंट घेतलेल्या तत्त्वावरच मोजतात : पेशी बारीक छिद्रातून जाताना विद्युतरोध वाढतो, त्या स्पंदांची संख्या म्हणजे पेशींची संख्या आणि स्पंदाची उंची म्हणजे पेशीचे आकारमान.

यंत्राच्या किमतीआधी रिएजंटची, म्हणजे त्यात लागणाऱ्या रसायनांची, किंमत विचारा. आमचे यंत्र त्याच कंपनीच्या चिप लावलेल्या बाटल्यांवरच चालते. सॅम्पल कमी असले, की उघडलेल्या डायल्युएंटची (रक्त सौम्य करायच्या द्रावाची) मुदत ते संपण्याआधीच उलटते आणि तो खर्च कोणी भरून देत नाही.

चिकोडी_तंत्रज्ञ
यंत्र कोणतेही घ्या, पण न्यूबाउअर चेंबर (सूक्ष्मदर्शकाखाली हाताने पेशी मोजायची आखीव काच) कपाटात ठेवून देऊ नका. रक्त 1:200 सौम्य करून मधल्या भागातील पाच चौकोनांतील, म्हणजे 80 लहान घरांतील, पेशी मोजायच्या आणि आकड्याला 10,000 ने गुणायचे. या पद्धतीने मी हयातभर मोजणी केली आहे. सराईत हातांनीही दहा टक्क्यांची चूक सहज होते, म्हणून रोजच्या रिपोर्टसाठी ती नव्हे, तर यंत्राचा आकडा पटेनासा झाला की पडताळण्यासाठी.

थंडीत एखाद्या सॅम्पलचा एमसीएचसी (तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनचे सरासरी प्रमाण) 37 च्या वर जातो, तांबड्या पेशी फारच कमी आणि एमसीव्ही (तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान) भलताच मोठा दिसतो. अशा वेळी पेशी गारठ्याने एकमेकींना चिकटलेल्या असू शकतात. सॅम्पल 37 अंशांवर गरम करून लगेच पुन्हा लावावे.

बेळगाव_पॅथ
आता हाताने मोजायला वेळ कोणाला आहे? फाइव्ह-पार्टच घ्या.

संकेश्वर_डायग्नोस्टिक
रिएजंटचे निपाणीकरांनी सांगितले, ते अगदी खरे आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अर्थिंग. आमच्याकडे रात्री बंद केलेले यंत्र सकाळी सुरू केले, की रिकाम्या डायल्युएंटमध्येही प्लेटलेट दाखवत असे. इंजिनिअर हुबळीहून येईपर्यंत दोन दिवस काम बंद, आणि दोष निघाला वीजजोडणीत. न्यूट्रल व अर्थ यांमधील व्होल्टेज तपासून घ्या आणि ऑनलाइन यूपीएस (वीज गेली तरी क्षणभरही खंड न पडू देणारा) लावा. साध्या इन्व्हर्टरवर भरवसा ठेवू नका. जुने यंत्र तर मुळीच घेऊ नका, आधीच्या मालकाने गुठळीचे रक्त किती वेळा ओढले असेल ते कळत नाही.

निपाणीकर
जुन्याबद्दल माझेही तेच मत. आणखी एक गोष्ट : गरोदर स्त्रियांचे रिपोर्ट देताना तांबड्या पेशींच्या आकड्याकडे दुर्लक्ष होते. एमसीव्हीला दशलक्षांतील पेशीसंख्येने भागून उत्तर 13 पेक्षा कमी आले, तर थॅलेसेमिया मायनरची (हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाच्या सौम्य प्रकाराची) शंका घ्यावी. 13 पेक्षा जास्त आले, तर लोहाची कमतरता अधिक संभवते. हा अंदाज आहे, निदान नव्हे. खात्रीसाठी एचबीए-2 या हिमोग्लोबिनच्या प्रकाराची तपासणी सुचवावी आणि पतीचेही रक्त तपासायला सांगावे. कित्येकींना उगाचच महिनोन्महिने लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, हे पाहून वाईट वाटते.

चिकोडी_तंत्रज्ञ
जुने घेऊ नका, हे मीही सांगतो.

खानापूर_लॅब
सर्वांचे आभार. तरीही मी कंपनीने दुरुस्त करून दिलेले जुने थ्री-पार्टच घ्यायचे ठरवले आहे, कारण त्याला कोणत्याही कंपनीचे सुसंगत रिएजंट चालते आणि यूपीएस धरूनही ते बजेटमध्ये बसते. विक्रेत्याला अट घातली आहे : माझ्याच लॅबमध्ये, यूपीएसवर, एकच सॅम्पल दहा वेळा लावून तांबड्या पेशींच्या आकड्यांतील फरकाचा सीव्ही (सरासरीच्या तुलनेत आकडे किती टक्के विखुरतात ते) दोन टक्क्यांच्या आत दाखवायचा आणि दाट रक्तानंतर लगेच पातळ रक्त लावून मागचे अंश उरत नाहीत हेही सिद्ध करायचे. तोपर्यंत निम्मी रक्कम माझ्याकडे राहील. अर्थिंगसाठी वायरमनला बोलावले आहे.