स्तंभांची संख्या नव्हे, रुंदी ठरवावी

दादरच्या मंडळाच्या दिवाळी अंकातील लेख संकेतस्थळावर तीन स्तंभांत मांडण्यासाठी एकाने 'कॉलम-काउंट: ३' ही, म्हणजे स्तंभांची संख्या ठरवून टाकणारी, सीएसएसची (संकेतस्थळाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेची) सूचना सुचवली आहे. मला हा मार्ग योग्य वाटत नाही. ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर, स्तंभांमधली १६ पिक्सेलची दोन अंतरे वजा जाता, प्रत्येक स्तंभाला जेमतेम १०९ पिक्सेल उरतात; त्यात 'महानगरपालिकेच्या' हा एकच शब्द ओळ अडवतो, आणि लोकलमध्ये उभ्याने वाचणाऱ्याला ते वाचता येणार नाही.

त्याऐवजी 'कॉलम-विड्थ: १८ईएम' देऊन स्तंभाची रुंदी ठरवावी (ईएम म्हणजे अक्षराच्या आकाराएवढे माप). मग किती स्तंभ मावतात हे ब्राउझर स्वतःच ठरवतो आणि फोनवर आपोआप एकच स्तंभ उरतो. मजकूर दोन्ही कडांना जुळवू नये, कारण मराठीतील लांबलचक सामासिक शब्दांमुळे अरुंद स्तंभात मोठ्या फटी पडतात.

खरी अडचण लांब लेखांची आहे. पडद्यापेक्षा उंच स्तंभ तळापर्यंत वाचून पुढच्या स्तंभासाठी पुन्हा वर यावे लागते, आणि छापील पानावर न जाणवणारा हा त्रास इथे वाचकाला लेख सोडायला लावतो. उपशीर्षकांना 'कॉलम-स्पॅन: ऑल' दिल्यास ती सर्व स्तंभांवर आडवी पसरतात, लेखाचे तुकडे पडतात व प्रत्येक तुकड्याचे स्तंभ स्वतंत्रपणे समतोल होतात, मात्र दोन उपशीर्षकांमधला मजकूर बेताचाच हवा. कवितेच्या प्रत्येक कडव्याला 'ब्रेक-इनसाइड: अव्हॉइड' आवर्जून द्यावे, म्हणजे कडवे मध्येच तुटून पुढच्या स्तंभात जाणार नाही. दीर्घकथा मात्र एकाच स्तंभात ठेवावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.