प्रति: आयएल-६ येतंय, मग टीएनएफ शून्य का?

ताई, तुम्ही लिहिलंय की एलपीएस (जिवाणूंच्या कवचातला, सूज आणणारा पदार्थ) दिलेल्या उंदरांच्या सीरममध्ये (रक्त गोठल्यावर वर राहणारा द्रव) आयएल-६ भरपूर येतंय पण टीएनएफ-अल्फा जवळजवळ शून्य (दोन्ही सूज आली की शरीर सोडतं ती प्रथिनं), तर मोजायचं किट खराब असेल का. स्टँडर्डचा (प्रमाण आधीच माहीत असलेल्या नमुन्यांचा) कर्व्ह नीट आलाय म्हणताय ना, मग किटला दोष देऊ नका. रक्त सहा तासांनी काढलंय, घोळ तिथंच आहे, पोटात सुईनं एलपीएस दिल्यावर टीएनएफ तास-दीड तासातच चढतं आणि झपकन उतरतं, आयएल-६ मागनं येतं आणि जास्त वेळ टिकतं, त्यामुळं दोघांना एकच वेळ लावून चालत नाही. दीड तासाचा वेगळा गट ठेवा, नवीन किटमध्ये पैसे घालवू नका, आणि मुख्य म्हणजे उंदीर वाया जाता कामा नयेत.

अजून एक, आमच्याकडं सांगलीत मे महिन्यात लाईट गेली की एसी बंद, मग किटच्या प्लेटच्या कडेचे वेल (नमुना घालायचे खळगे) आधी सुकतात, मला एकाच सॅम्पलचा मधला वेल फिकट निळा आणि कडेचा गडद दिसला होता, म्हणजे एकाच सॅम्पलची दोन वेगळी मापं. तेव्हापासून सीलर (प्लेटवरचं चिकट झाकण) लावून ओला टिश्यू घातलेल्या डब्यातच प्लेट ठेवते. सीरम पण पहिल्याच दिवशी थोडं थोडं वाटून फ्रीज करा, परत परत वितळवू नका.