अनुभव धागा: अनेक हातांचं एक ब्लँकेट – क्रोशाच्या पहिल्या चौकोनापासून किनारीपर्यंत

दोरेवाली

गटाने मिळून क्रोशाचं ब्लँकेट करायचं म्हटलं की प्रश्न ठरलेले असतात. लोकर किती आणायची, चौकोन लहानमोठे आले तर काय, जोडायचे कसे, किनार का लाटते (लाटांसारखी वरखाली होते). ज्यांनी अशी ब्लँकेटं तडीस नेली आहेत त्यांनी इथे नेमकं लिहावं ही विनंती. आकडे, सुईची मापं, कुठे बिघडतं आणि का बिघडतं. कौतुक नंतर करू.

सगळ्यांचे शब्द सारखे राहावेत म्हणून आधीच सांगते. मुका खांब म्हणजे सुई टाक्यात घालून धागा ओढायचा आणि सुईवरचे दोन्ही फासे एकदम काढायचे. खांब म्हणजे आधी सुईवर एक वेढा, मग टाक्यातून धागा ओढून दोन-दोन फासे दोनदा काढायचे. गटात इंग्रजी नमुना वाटणार असाल तर तो अमेरिकी की ब्रिटिश हे वर ठळक लिहा. अमेरिकी सिंगल क्रोशे तेच ब्रिटिश डबल क्रोशे, आणि अमेरिकी डबल तेच ब्रिटिश ट्रेबल. हे न लिहिल्यामुळे एकाच नमुन्याचे दोन उंचीचे चौकोन गोळा होतात.

मोजपट्टी

पहिला नियम: सगळ्यांना सुईचा नंबर देऊ नका, चौकोनाचं माप द्या. “४.५ मिमी सुई, ५ फेऱ्या” एवढंच सांगितलं तर कुणाचा चौकोन १४ सेंमी येतो, कुणाचा १६. ऐकायला फरक किरकोळ वाटतो. पण १५ ऐवजी १६ सेंमीचा चौकोन क्षेत्रफळात १४ टक्के मोठा असतो आणि १० चौकोनांच्या ओळीत १० सेंमीचा फरक पडतो. त्यामुळे टाक्यांची संख्या आणि पूर्ण झालेलं माप हे दोन पक्के ठेवायचे, सुई ज्याची त्याने ठरवायची. चौकोन मोठा येत असेल तर अर्धा मिमी लहान सुई, लहान येत असेल तर अर्धा मिमी मोठी. “जरा घट्ट विण” असं सांगून काही होत नाही. दोन फेऱ्या घट्ट येतात, मग हात आपल्या सवयीवर जातो.

एक बारीक गोष्ट. रुंदी बरोबर येऊनही काहींचे खांब बुटके किंवा उंच येतात. हा दोष सुईच्या जाडीचा नसतो. टाक्यात सुई घालून पहिला फासा ओढताना तो किती वर ओढला, यावर खांबाची उंची ठरते. त्या व्यक्तीला तेवढंच दाखवायचं, सुई बदलायला लावायची नाही.

माप घेताना चौकोन सपाट ठेवून मधोमध मोजा. कोपऱ्याला धरून ओढलं की कोणताही चौकोन हव्या त्या मापाचा होतो.

खांबखांब

टाक्यांचा हिशोब देते, म्हणजे गोळा करताना तपासता येईल.

साधा ग्रॅनी स्क्वेअर: ४ साखळ्यांची गोल कडी (साखळी म्हणजे सुईवरच्या फाशातून धागा ओढून काढलेला एक फासा). ३ साखळ्या (हा पहिला खांब धरायचा), कडीत आणखी २ खांब, २ साखळ्या, मग “३ खांब, २ साखळ्या” असं तीनदा. तिसऱ्या साखळीत स्लिप स्टिचने जोड (टाक्यातून ओढलेला धागा सुईवरच्या फाशातूनही तसाच बाहेर काढायचा). पुढच्या प्रत्येक फेरीत कोपऱ्याच्या जागेत ३ खांब, २ साखळ्या, ३ खांब आणि बाजूच्या प्रत्येक फटीत ३ खांब. फेरीत जितके खांब व्हायला हवेत ते म्हणजे फेरीचा क्रमांक गुणिले १२. पाचव्या फेरीत ६०.

भरीव चौकोनात कोपऱ्यात २ खांब, २ साखळ्या, २ खांब आणि बाजूला प्रत्येक खांबावर एक खांब. एका बाजूचे खांब ३, ७, ११, १५, १९ असे वाढतात. कुणाकडे १८ किंवा २० आले तर जवळजवळ नेहमी चूक फेरीच्या जोडावर असते. सुरुवातीच्या ३ साखळ्या खांब म्हणून मोजल्या नाहीत, किंवा स्लिप स्टिचलाच टाका समजून त्यात खांब घातला.

चौकोन पिळल्यासारखा एका अंगाला झुकत असेल तर दर फेरीनंतर काम उलटवून विणा. सतत एकाच बाजूने विणलं की टाके एकाच दिशेला कलतात. फक्त उलटवायचं ठरलं तर सगळ्यांनीच उलटवायचं, कारण पोत वेगळा दिसतो.

डावखुरी

विचारलं जातंच म्हणून: डावखुऱ्या व्यक्तीचे चौकोन बिनदिक्कत चालतात. टाक्यांचा कल आरशातल्यासारखा उलट असतो, पण ग्रॅनी स्क्वेअरमध्ये ते शोधावं लागतं. भिंगरीसारखे फिरणारे नमुने किंवा तिरप्या रेघांचा पोत असेल तरच फरक डोळ्यात भरतो. असे नमुने गटासाठी मुळात निवडूच नयेत.

पाचमिमी

लोकरीबद्दल. “प्लाय”वर विसंबू नका. काही देशांत ८ प्लाय म्हणजे ठरावीक जाडी (डीके) असते, इतरत्र प्लाय म्हणजे फक्त पदरांची संख्या. लेबलवर १०० ग्रॅममध्ये किती मीटर आहेत ते बघा. डीके साधारण २०० ते २५० मीटर, त्याहून जाड वर्स्टेड-आरान १६० ते २०० मीटर. गटातल्या सगळ्यांचे आकडे १०-१५ मीटरच्या आत असावेत.

किती लागेल याचा अंदाज करण्यापेक्षा एक चौकोन पूर्ण करून वजन करा. समजा १५ सेंमीचा चौकोन १४ ग्रॅमचा झाला आणि ८ बाय १० म्हणजे ८० चौकोन हवेत. ११२० ग्रॅम झाले. जोडणी आणि किनार यांसाठी २० टक्के धरा, म्हणजे सुमारे १३५० ग्रॅम. १०० ग्रॅमचे १४ गुंडे, आणि एक वर.

रंगवार हिशोबात लोक हमखास फसतात. पाच रंगांच्या पाच फेऱ्या म्हणजे प्रत्येक रंग सारखा, असं नसतं. फेऱ्या १, २, ३, ४, ५ या प्रमाणात धागा खातात, म्हणजे एकूण १५ भागांतले ५ भाग, चौकोनाचा एक तृतीयांश धागा, एकट्या शेवटच्या फेरीला जातो. वरच्या उदाहरणात शेवटच्या रंगाचे ३७५ ग्रॅम चौकोनांतच गेले. जोडणी-किनारही त्याच रंगाची असेल तर तो रंग ६०० ग्रॅम लागतो. हा रंग एकाच डाय लॉटचा (एकत्र रंगवलेल्या खेपेचा), एकाच वेळी, एका माणसाने आणावा. लॉट वेगळा असला की गुंडे शेजारी ठेवून सारखे दिसतात आणि ब्लँकेटवर पट्टा उमटतो.

वजनाचा दुसरा उपयोग: जमा झालेला प्रत्येक चौकोन तराजूवर ठेवा. टाके बरोबर, माप बरोबर, पण वजन १४ ऐवजी १८ ग्रॅम, याचा अर्थ कुणीतरी जाड लोकर वापरली आहे. जोडल्यावर तो चौकोन फळीसारखा कडक राहतो.

उसवाउसवी

पाचमिमी यांच्या यादीत एक भर. शुद्ध लोकर आणि ॲक्रिलिक एका ब्लँकेटमध्ये नको. साधी, यंत्रात धुण्याची प्रक्रिया न केलेली लोकर यंत्रात नमद्यासारखी आटते, ॲक्रिलिक आटत नाही. एका धुण्यात चौकोन आकसून शेजारच्याला ओढतात. सुताचे चौकोन ओले झाले की जड होऊन ताणतात. गटासाठी ॲक्रिलिक किंवा यंत्रात धुण्याजोगी लोकर, यांपैकी एकच. गडद लाल आणि निळ्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या कापडात दाबून बघा, रंग उतरतो की नाही ते आधीच कळेल.

आता सर्वात कंटाळवाणं काम. चार ठिकाणी रंग बदललेल्या, म्हणजे पाच रंगांच्या चौकोनाला १० टोकं असतात. ८० चौकोनांना ८००. ही टोकं जोडणाऱ्याच्या गळ्यात घालू नका. टोकं लपवूनच चौकोन द्यायचा, ही अट पहिल्या दिवशी. टोक १५ सेंमी तरी ठेवा, बोथट सुईने त्याच रंगाच्या खांबांच्या पायथ्यातून एकदा पुढे, एक धागा सोडून मागे, परत पुढे. अशी दोनदा दिशा बदलली की सुटत नाही. गाठ मारून कापलेलं टोक मात्र काही धुण्यांत पुढच्या बाजूला डोकावतं. टोकावरून विणत जाऊन लपवलेलं टोक एकाच दिशेला असतं, ते ताणल्यावर सरकतं.

किनार

माझ्या मते लहानमोठ्या चौकोनांवर सगळ्यात चांगला उपाय: शेवटची फेरी कुणालाच विणायला देऊ नका. सगळ्यांकडून १३ सेंमीचे चौकोन घ्यायचे (१२.५ ते १३.५ चालतील) आणि शेवटची फेरी एकाच व्यक्तीने एकाच रंगाने घालायची. लहान चौकोनाला ५ मिमी सुईने खांब, मोठ्याला ४ मिमीने अर्धे खांब (वेढा घेऊन सुईवरचे तिन्ही फासे एकदम काढायचे). टाक्यांची संख्या तीच, उंची वेगळी. फेरी संपली की सगळे १५ च्या आसपास येतात. शिवाय जोडताना सगळ्या कडा एकाच हाताच्या असल्यामुळे शिवण सरळ बसते. एकच अडचण, त्या एका व्यक्तीला वेळ द्यावा लागतो.

मोजपट्टी

@किनार, पटलं. फक्त १ सेंमीपेक्षा जास्त फरक असलेला चौकोन यानेही सुधारत नाही. मध्यभाग फुगतो. तो परत पाठवायचा किंवा शिल्लक चौकोनांत टाकायचा. म्हणूनच ८० लागणार असतील तर ८८ मागवा.

टाकेमोड

ब्लॉकिंगचा, म्हणजे विणलेला चौकोन ओला करून किंवा वाफ देऊन मापावर बसवण्याचा प्रश्न आला नाही अजून. लोकर असेल तर कोमट पाण्यात १५-२० मिनिटं भिजवून, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि न गंजणाऱ्या टाचण्यांनी मापावर ताणून पूर्ण वाळू द्यायचं. फोमच्या चटईवर चौकड्यांचं कापड पसरलं की प्रत्येक वेळी पट्टी लावावी लागत नाही. ॲक्रिलिक ओलं करून ताणलं तर वाळल्यावर बरंचसं मूळ मापावर येतं. त्याला वाफ लागते. इस्त्री २-३ सेंमी वर धरायची, कापडाला टेकवायची नाही. टेकली की धागा कायमचा लुळा आणि चमकदार होतो, तो परत सुधारत नाही. आधी एका टाकाऊ चौकोनावर वाफ देऊन बघा.

उलटसुलट

जोडणीवर मतं वेगळी असणारच, माझं लिहिते.

स्लिप स्टिचने जोडलं की रेघ सुंदर दिसते, पण ती शिवण ताणत नाही. घट्ट हात असेल तर चौकोन चुण्या पडल्यासारखे गोळा होतात. हीच पद्धत हवी असेल तर चौकोनांना वापरलेल्या सुईपेक्षा अर्धा ते एक मिमी मोठी सुई घ्या. मुक्या खांबाने जोडलं तर उंचवट्याची रेघ येते, पण लवचीक राहते. लहानमोठे फरक तीच सर्वात जास्त झाकते, म्हणून गटाच्या कामाला मी हीच सुचवते. सुईदोऱ्याने फक्त मागचे फासे धरून शिवलं तर सगळ्यात कमी धागा लागतो आणि सपाट बसतं, मात्र टाक्यांची संख्या काटेकोर हवी. शेवटची फेरी विणता विणता जोडत जाणं एकट्याला छान, गटात मात्र सगळं काम एका माणसावर येतं.

क्रम: आधी सगळ्या आडव्या शिवणी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, धागा न तोडता. मग सगळ्या उभ्या. चौकोन सुटे सुटे जोडले तर दर चौकोनाला दोन नवी टोकं तयार होतात. चार कोपरे भेटतात तिथे आधीची शिवण ओलांडताना एक साखळी घाला, नाहीतर तिथे चिमटा बसतो.

एका बाजूला २० आणि दुसऱ्या बाजूला १९ टाके असतील तर मधे कुठेतरी कमी बाजूच्या एका टाक्यात दोनदा घ्या. कोपऱ्याजवळ कधी नको, लगेच दिसतं.

दोरेवाली

मांडणी कशी ठरवता? जमिनीवर पसरून तासन्‌तास वाद होतात.

खांबखांब

फोटो काढून तो काळापांढरा करा. रंग बाजूला पडतात आणि गडद चौकोन एका कोपऱ्यात जमले आहेत का ते लगेच दिसतं. ठरलं की प्रत्येक चौकोनाला चिठ्ठी: “ओळ ३, चौकोन ७, वर ↑”. ओळीचे चौकोन क्रमाने एका दोऱ्यात ओवून ठेवा. चिठ्ठीशिवाय उचललेली रास पुन्हा मांडणं म्हणजे दुसऱ्यांदा वाद.

किनार

किनार लाटते ती टाके जास्त झाल्यामुळे आणि आकसते ती कमी झाल्यामुळे. पहिली फेरी मुक्या खांबांची, अर्धा मिमी लहान सुईने. प्रत्येक टाक्यात एक, कोपऱ्यात तीन. जिथे दोन चौकोनांची शिवण येते तिथे दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांच्या जागा मिळून दोन टाके एकत्र घ्या. तिथेच सगळे जास्तीचे टाके घुसतात. एक बाजू झाली की मोजा, समोरच्या बाजूला तोच आकडा आला पाहिजे. पट्ट्यांचं (चौकोनांऐवजी ओळींनी सलग विणलेलं) ब्लँकेट असेल तर ओळींच्या कडेला खांबाच्या प्रत्येक ओळीला २ मुके खांब, मुक्या खांबाच्या ओळीला १.

टाकेमोड

पट्ट्यांचा विषय निघालाच आहे तर: एकच ब्लँकेट हातोहात फिरवायचं असेल तर दर २० टाक्यांना खूण अडकवा आणि पुढच्या व्यक्तीला देताना टाके मोजून आकडा चिठ्ठीवर लिहा. कडा आत आत जाण्याचं कारण जवळपास नेहमी एकच. ओळीच्या सुरुवातीच्या ३ साखळ्या खांब धरल्या, पण परत येताना तिसऱ्या साखळीत शेवटचा खांब घातला नाही. दर ओळीला एक टाका गळतो आणि ब्लँकेट हळूहळू निमुळतं होतं. पायाच्या साखळ्या घट्ट झाल्या तर खालची कड धनुष्यासारखी वाकते. तेवढ्यापुरती एक मिमी मोठी सुई घ्या.

पाचमिमी

तान्ह्या बाळासाठी असेल तर जाळीदार नमुना नको, बोटं अडकतात. गोंडे, बटणं, केसाळ लोकरही नको. भरीव चौकोन घ्या आणि त्यासाठी धागा जास्त धरा.

उसवाउसवी

धुताना ३० अंश, हलकं चक्र. वाळवताना दोरीवर टांगू नका, ओल्या ब्लँकेटच्या वजनाने शिवणी लांबतात. पसरून वाळवा. घेणाऱ्याला ब्लँकेटबरोबर धाग्याचं लेबल, प्रत्येक रंगाचा थोडा धागा आणि एक शिल्लक चौकोन द्या. एखादा चौकोन फाटला तर त्याच्या चारी शिवणी उसवून तिथे हा शिल्लक चौकोन बसवता येतो.