मदत हवी आहे : फुटाळ्याच्या पाण्याखालची ही वनस्पती कोणती?

रविवारी सकाळी फुटाळा तलावावर पक्षी बघायला गेले होते. काठाजवळ पाण्याखाली हिरव्या दोऱ्यांचं दाट जाळं दिसलं. जलपर्णी नक्की नाही, ती वर तरंगते. ही बुडालेली आहे, फक्त शेंडे वर आलेत. जाळं ओढणारे एक काका म्हणाले, "शेवाळ आहे, बाई." पण शेवाळाला पानं नसतात.

एक तुकडा बाटलीत आणला. खोडाभोवती एका जागी चार-पाच पानं, गोल चक्रासारखी. पानाच्या कडेला बोट फिरवलं की खरखर लागते. एवढ्यावरून हायड्रिला वाटते, आणि ती असेल तर काळजी कमी, कारण ती आपल्याकडचीच. अमेरिकेत मात्र तिनेच तळी व्यापलीत. माझी शंका एजेरियाची आहे. ती दक्षिण अमेरिकेतली, मत्स्यपेटीत लावतात, आणि पेटी रिकामी करताना लोक तलावात टाकून देतात. दिसायला अगदी बहीण! पण तिची पानं मऊ असतात, दाते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, आणि हायड्रिलासारखे बारीक कंद मुळांना येत नाहीत. माझा तुकडा वरचा, मुळाशिवायचा, म्हणून कंदाचं सांगता येत नाही. पानामागच्या शिरेवर काटे दिसतात का, तेही भिंगातून नीट कळलं नाही.

नागपुरात वनस्पतिशास्त्र शिकवणारं कोणी नमुना बघून देईल का? तोवर कृपया कोणी उपटू नका. तुटलेल्या तुकड्यांतूनही या दोन्ही वाढतात.