मदत हवी आहे : बीम गनच्या सलग किरणाला चिलखताचा हिशेब कसा लावावा?

नमस्कार मंडळी,

इंदूरमध्ये आम्ही काही मित्र मिळून एक विज्ञानकथेवर आधारित शूटर गेम तयार करीत आहोत. तो प्रसिद्ध व्हायला अवकाश आहे, परंतु त्यातील मुख्य शस्त्राच्या, म्हणजे किरण सोडणाऱ्या बीम गनच्या, फायरिंग मोडचे (मारा करण्याच्या पद्धतींचे) गणित बसत नसल्यामुळे जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

मोड तीन आहेत : ट्रिगर दाबून धरल्यास चालू राहणारा सलग किरण, तुटक पल्स आणि चार्ज करून सोडायचा एकच मोठा झटका. तिन्हींचा डॅमेज (शत्रूचे होणारे नुकसान) सेकंदाला १२० धरला आहे. सलग किरण पडद्यावर अखंड दिसला तरी सर्व्हर तो तुकड्यांतच मोजतो : सेकंदाला १० टिक (मोजणीचे क्षण), प्रत्येकी १२. पल्स सेकंदाला ३, प्रत्येकी ४०. आणि चार्जचा झटका सेकंदाला एक, पूर्ण १२० चा. आमचे चिलखत मात्र प्रत्येक फटक्यातून ५ वजा करते, त्यामुळे झटक्याचे ११५ उरतात, पल्सचे १०५ आणि सलग किरणाचे अवघे ७०. सलग किरणाने नेम साधणे सोपे असल्यामुळे एवढा तोटा न्याय्य मानता येईल.

खरा पेच पुढे आहे. किरण झपकन फिरवला की दोन टिकांच्या मध्ये सापडलेला शत्रू साफ वाचतो. किरण त्याच्या छातीवरून गेलेला स्पष्ट दिसतो आणि त्याच्या डोक्यावरची हेल्थची पट्टी तसूभरही हलत नाही. रामबागेत मित्राच्या घरी जे खेळून पाहतात, त्यांची मुख्य तक्रार हीच आहे. यावर टिक दुप्पट करून प्रत्येकी डॅमेज ६ केला, तर चिलखतातून दर टिकला १ च उरतो आणि सेकंदाचे ७० चे २० होतात. केवळ मोजणी बारीक केल्याने शस्त्र निकामी व्हावे, हे मला पटत नाही.

१९९९ च्या क्वेक थ्री अरीना या शूटर गेममध्ये सलग किरणाची लाइटनिंग गन दर ५० मिलिसेकंदांना ८ डॅमेज देते आणि एकेक मोठा झटका देणारी रेलगन १०० देऊन दीड सेकंद थांबते. पण तेथील चिलखत डॅमेजचा ठरावीक हिस्सा झेलते, म्हणून हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. आम्हीही टक्केवारी लावू शकतो, परंतु मग चिलखतापुढे तिन्ही मोड सारखेच ठरतील आणि मोड बदलण्याला कारण उरणार नाही. (लाइटनिंग गनचा पल्ला मर्यादित आहे, आमचे नकाशे अरुंद असल्यामुळे पल्ला कमी करून मोडमध्ये फरक राखण्याचा तो उपाय येथे फारसा लागू पडत नाही.)

माझा कल प्रत्यक्ष लेसरच्या वागण्याकडे आहे. लेसरवर संशोधन करणारे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आमच्याच शहरात असल्यामुळे लेसरविषयीचे कुतूहल येथे नवे नाही. एक ज्यूल ऊर्जा सेकंदभरात सोडली तर एक वॅट होतो, तीच १० नॅनोसेकंदांत सोडली तर १० कोटी वॅट. म्हणून तीव्र पल्स पृष्ठभागाचा कण उडवते, तर सलग किरणाला धातू तापेपर्यंत एकाच जागी टिकून राहावे लागते. एप्रिल २०२५ मध्ये डीआरडीओने कर्नूल येथे ड्रोनवर चाचणी घेतलेल्या ३० किलोवॅटच्या लेसर शस्त्रालाही किरण लक्ष्यावर रोखून धरावा लागतो. त्यानुसार, सलग किरण एकाच शत्रूवर राहिल्यास त्याचे चिलखत क्रमाक्रमाने ५ वरून शून्यावर यावे आणि किरण सुटताच ते पुन्हा भरू लागावे, असा माझा विचार आहे.

अशी पद्धत कोणी वापरली असल्यास तीन गोष्टी सांगाव्यात. चिलखत विरघळण्याचा अवधी साधारण किती ठेवावा, म्हणजे पल्स वापरणाऱ्याला आडोसा गाठता येईल? नेटवर्क संथ असलेल्या खेळाडूचा किरण क्षणभर सुटल्याचे सर्व्हरला वाटले, तर थोडी सवलत द्यावी की नाही? आणि दोन टिकांमध्ये किरण फिरलेल्या कोनाचा सगळा पट्टा तपासून शत्रूला प्रमाणशीर डॅमेज द्यायचा झाल्यास, मधल्या भिंतींची तपासणी सर्व्हरवर फार ताण न येता कशी करावी? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणाकडे असल्यास ते आधी द्यावे, कारण तो भाग लिहून झाल्याशिवाय पुढच्या चाचणीला बसता येणार नाही.