मदत हवी आहे: जीआय बिलाचे भाड्याचे पैसे आलेच नाहीत!!

पम्या_एडिसनवाला
फौजेत होतो, त्यावर शिकायला सरकार फी, घरभत्ता आणि पुस्तकांचे पैसे देतं, तेच हे जीआय बिल. ऑगस्टच्या शेवटी कॉलेज सुरू झालं. आज 12 ऑक्टोबर. कॉलेजची फी परस्पर गेली, पण हाउसिंगचा एक सेंट आलेला नाही. कॉलेजमधल्या बाई म्हणतात, आमच्याकडून सर्टिफाय झालंय, म्हणजे माझे कोर्स सरकारला कळवलेत. दोन महिन्यांचं भाडं क्रेडिट कार्डावर टाकलंय. हे कुणाला झालंय का आधी? काय करायचं तेवढं सांगा, लेक्चर नको. अर्जंट!!

सातारकर_काका
प्रथम आपल्या देशसेवेस वंदन. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात डिस्चार्ज बुक घेऊन जावे, काम होते. मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती पण आहे, मुलाला महिना 2,500 आणि मुलीला 3,000 रुपये. अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या साइटवर.

पम्या_एडिसनवाला
काका, मी अमेरिकन आर्मीत होतो. ग्रीन कार्डावर भरती झालो, सिटिझनशिप नंतर मिळाली. पण धन्यवाद.

सातारकर_काका
असे होय. तरी वंदन आहेच. आमच्या शेजारचे अपशिंगे मिलिटरी, तिथे घरटी एक जण फौजेत.

शेवग्याची_शेंग
माहिती अर्धीच दिलीये. कुठलं चॅप्टर, म्हणजे बिलाचा कुठला प्रकार? 33 की 30? किती वर्षं ॲक्टिव्ह ड्यूटी? किती क्रेडिट घेतलेत? सगळं ऑनलाइन आहे का? राज्य कुठलं?

पम्या_एडिसनवाला
33, पोस्ट नाइन इलेव्हन, 2001 नंतरच्या नोकरीवरचं. टेक्सास. फुलटाइम आहे हो, सांगितलं ना.

शेवग्याची_शेंग
नाही सांगितलंत.

ह्यूस्टनचा_बाप्पा
टेक्सासात आहेस आणि जीआय बिल जाळतोयस? हेझलवूड घे! सरकारी कॉलेजात 150 क्रेडिट तासांपर्यंत ट्यूशन माफ. माझ्या मेव्हण्याने तेच केलं, जीआय बिल मास्टर्सला ठेवलं.

पम्या_एडिसनवाला
भरती न्यू जर्सीतून झालो, तेव्हा घरही तिथेच. हेझलवूडला टेक्सासचा लागतो. फोर्ट हूडला पोस्टिंग होतं म्हणून इथे राहिलो.

ह्यूस्टनचा_बाप्पा
नाव बदललंय, फोर्ट कवाझोस म्हण.

पम्या_एडिसनवाला
2025 ला परत हूड झालं. मुद्द्यावर या ना प्लीज.

सॅनहोजे_मावशी
बाप्पा म्हणतोय त्यात तथ्य आहे. बिलाचे 36 महिने मिळतात, आणि ते फीच्या रकमेवर नाही, महिन्यांवर संपतात. आमच्या कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजला युनिटमागे 46 डॉलर. त्यासाठी महिने खर्च करायचे म्हणजे रिक्षाच्या अंतराला विमानाचं तिकीट. फॅफ्सा (सरकारी मदतीचा अर्ज) भर, पेल ग्रँट (परत न करायची मदत) घे, बिल चार वर्षांच्या कॉलेजला राखून ठेव.

निमूट
मावशी, फी स्वस्त आहे म्हणूनच तर लोक भत्त्यासाठी बिल लावतात. कॉलेजच्या पिनकोडवर इ-5 ला, म्हणजे सार्जंटला, कुटुंबासकट जो घरभत्ता, तोच मिळतो. त्यात लोकांची घरं चालतात. पेल ग्रँट बिलासोबत मिळते, एकाऐवजी दुसरं असं नाही.

सॅनहोजे_मावशी
आणि मग तिसऱ्या वर्षी युनिव्हर्सिटीत बिल संपलं की कर्ज. पाहिलंय मी, घरातच.

पम्या_एडिसनवाला
अहो, मला आत्ताचं भाडं द्यायचंय!! पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.

निमूट
दर महिन्याला बिलवाल्यांचा टेक्स्ट येतो ना, अजून शिकतोय का म्हणून. त्याला 'यस' पाठवलं का? लागोपाठ दोन महिने नाही पाठवलं तर भत्ता थांबतो.

पम्या_एडिसनवाला
तसला मेसेज आलाच नाही. फोन नंबर तोच आहे. पुस्तकांचे 250 मात्र पहिल्याच आठवड्यात आले, म्हणजे बँक खातं बरोबर आहे. काय कळत नाही.

शेवग्याची_शेंग
थांबा. 250 बरोबर?

पम्या_एडिसनवाला
250 आणि वर दोन सेंट. का?

शेवग्याची_शेंग
पुस्तकांचे वर्षाला जास्तीत जास्त 1,000, ते 24 क्रेडिटवर वाटलेले. क्रेडिटमागे 41.67. आता बहुधा दोनच शक्यता. एकतर तुमची पात्रता 50 टक्के आहे आणि 12 क्रेडिट लागलेत, किंवा पात्रता 100 आहे आणि सहाच लागलेत. म्हणून पहिल्यापासून विचारतेय, नोकरी किती वर्षं?

पम्या_एडिसनवाला
चार वर्षं, सलग. 36 महिन्यांच्या वर नोकरी की पात्रता 100 टक्के, सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटीवर पण तेच लिहिलंय. आणि मी 12 क्रेडिट घेतलेत. चार कोर्स, तीन-तीनचे.

शेवग्याची_शेंग
तुम्ही 12 घेतलेत. कॉलेजने सहा सर्टिफाय केलेत. भत्त्याला अर्ध्याच्या *वर* लागतं. फुलटाइमच्या 12 पैकी 6 म्हणजे बरोबर 50 टक्के, म्हणजे शून्य. सात असते तर 58, ते 60 धरतात आणि भत्त्याच्या 60 टक्के मिळाले असते. डिग्री कसली आणि कोर्स कुठले?

पम्या_एडिसनवाला
बिझनेस. इंग्लिश, मॅथ्स, हेल्थ आणि फोटोग्राफी. फोटोग्राफी गंमत म्हणून.

निमूट
गंमत तिथेच झाली. डिग्री प्लॅनमध्ये जे आहे तेवढंच सर्टिफाय होतं. हेल्थचं काय, ते तर असतं ना?

शेवग्याची_शेंग
जॉइंट सर्व्हिसेस ट्रान्स्क्रिप्ट (फौजेतल्या ट्रेनिंगचं प्रगतिपत्रक) कॉलेजला दिली होती का? बेसिक ट्रेनिंगवर बरीच कॉलेजं पीई, हेल्थचं क्रेडिट देतात. मिळालेलं क्रेडिट परत घेतलं तर बिल त्याचे पैसे देत नाही. आणि कॉलेजच्या खात्यावर बाकी दिसते का बघा.

पम्या_एडिसनवाला
बाकी दिसतेय!! मला वाटलं पार्किंगचे. उद्या जाऊन येतो.

ह्यूस्टनचा_बाप्पा
मी तर म्हणतो अपंगत्वाचं रेटिंग असेल तर चॅप्टर 31 ला जा. सगळं देतात, लॅपटॉपसुद्धा.

निमूट
बाप्पा, तुला कोणी विचारलंय?

ह्यूस्टनचा_बाप्पा
मदत करणं गुन्हा आहे का आता?

सॅनहोजे_मावशी
भांडू नका रे. पम्या, जेवलास का?

पम्या_एडिसनवाला
(14 ऑक्टोबर) जाऊन आलो. शेंगताई, साष्टांग. सहाच लागले होते. हेल्थचं क्रेडिट आर्मीवरून जूनमध्येच जमा झालंय, मी ट्रान्स्क्रिप्ट उघडून बघितलीच नव्हती. बाईंनी स्क्रीन फिरवून दाखवलं, चार ओळी, दोनांपुढे टिक. 'सर्टिफाय झालंय' हे त्यांचं खरंच होतं म्हणा, किती ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. गेलेल्या दोन महिन्यांचं काही मिळणार नाही. दोन कोर्सची फी खिशातून.

शेवग्याची_शेंग
20 तारखेच्या सुमाराला दुसरं आठ आठवड्यांचं सत्र सुरू होत असेल. प्लॅनमधला तीन क्रेडिटचा एक कोर्स त्यात घ्या. छोट्या सत्रात तेवढेच क्रेडिट जास्त मोजतात, त्या तारखेपासून भत्ता सुरू. आधीचे दोन वर्ग प्रत्यक्ष आहेत ना? मग हा ऑनलाइन असला तरी चालेल. सगळंच ऑनलाइन असतं तर देशाच्या सरासरीच्या निम्मा मिळाला असता.

पम्या_एडिसनवाला
अकाउंटिंग घेतलं. बाईंकडून लेखी घेतलंय या वेळी, तिन्ही कोर्सची नावं घालून. पैसे महिना संपल्यावर येतात म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीला, तेही ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवसांचेच. घरमालकाला तेवढं सांगून ठेवलंय. हेल्थ सोडून दिलं. फोटोग्राफी ठेवलीये, आता पैसे भरलेच आहेत तर.

सातारकर_काका
फोटो टाका इथे.

कोवळं_ऊन
माझ्या मिस्टरांचे पण पैसे अडकलेत. कृपया मार्गदर्शन करावे. अर्जंट.

शेवग्याची_शेंग
चॅप्टर कुठलं? नोकरी किती वर्षं? क्रेडिट किती?